रिकाम्या पोटी, मिटल्या मुठीने

आमच्या ओवीला दातांच्या कामासाठी भूल द्यावी लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मी तेच केलं जे सगळे आईबाप करतात. मोबाईल काढला आणि शोधत बसले. निम्म्या ठिकाणी लिहिलं होतं की अगदी सुरक्षित आहे, निर्धास्त राहा. उरलेल्या निम्म्या ठिकाणी अशा बातम्या होत्या की मोबाईल उलटा करून ठेवला. मला या दोन्हींच्या मधलं काहीतरी हवं होतं. एखाद्या बाईने सरळ सांगितलेलं, की आमच्याकडे असं असं झालं, इथे घाबरलो, इथे चुकलो. ते काही मिळालं नाही. म्हणून आता ओवी बरी झाल्यावर मीच लिहितेय. मी डॉक्टर नाही, त्यामुळे औषधांची नावं आणि मात्रा इथे सापडणार नाहीत. त्या तुमच्या डॉक्टरांनाच विचारा.

गाल

ओवी साडेचार वर्षांची. रविवारी सकाळी उठली ती एका बाजूने फुगलेला गाल घेऊन. डोळ्याखालपर्यंत सूज, अंगात कणकण. त्याआधी बरेच दिवस ती एकाच बाजूने चावत होती आणि पोळी बाजूला सारून नुसता वरणभात मागत होती. आम्हाला वाटलं, नखरे. आणि दुधाचेच तर दात, पडणारच आहेत, असं घरातला प्रत्येक जण एकदा तरी म्हणून गेला होता.

आम्ही दिंडोशीला राहतो. मी, माझा नवरा संदेश, ओवी आणि माझ्या सासूबाई. त्यांना मीही आईच म्हणते. त्या मूळच्या कुडाळकडच्या. लग्न होऊन मुंबईला आल्या त्याला जमाना झाला, पण भाषा अजून तिथलीच आहे.

गाल सुजला त्या दिवशी दोषवाटपाचा कार्यक्रम झाला. आई म्हणाल्या चॉकलेटं. संदेश म्हणाला झोपताना दुधाची बाटली. माझी आई फोनवर म्हणाली, "तुमच्याकडे सगळ्यात साखर जास्त." ओवी मधे बसून गालाला हात लावून रडत होती आणि आम्ही मोठी माणसं तिच्या डोक्यावरून भांडत होतो.

"काही होत नाही"

जवळच्या एका दवाखान्यात गेलो. ओवीने तोंड उघडलंच नाही. उघडलं ते डॉक्टरांच्या बोटाला चावण्यापुरतं. ते म्हणाले, "ही अशी ऐकणार नाही. एक सिरप लिहून देतो. उद्या येताना घरूनच पाजून आणा. पेंगली की दात काढून टाकू."

"पेंगली असताना तिच्या श्वासाकडे कोण बघणार?" मी विचारलं.

"अहो, काही होत नाही."

इथे माझ्या नोकरीबद्दल सांगायला हवं. मी अंधेरीला लिफ्टची देखभाल करणाऱ्या एका कंपनीत आहे. लिफ्ट दुरुस्त करत नाही, आत अडकलेल्यांचे फोन घेते आणि माणसं पाठवते. या कामाने मला एक खोड लावली आहे. कोणी "काही होत नाही" म्हटलं की माझे कान टवकारतात. "काही होत नाही, चालतेय लिफ्ट" असं ज्या बिल्डिंगचा सेक्रेटरी म्हणतो, तिथूनच पुढच्या आठवड्यात फोन येतो. काही होत नाही याचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच असतो की कोणी बघितलेलं नाही.

मी ओवीला उचललं आणि बाहेर आले. संदेश मागून म्हणाला, "अगं, निदान चिठ्ठी तरी घे ना!" मी घेतली नाही. आयुष्यात मी पुष्कळदा उगाच संशय घेतला आहे. त्या दिवशी घेतला ते बरं केलं.

दोरी तुटली तर

कांदिवलीच्या एका हॉस्पिटलात फक्त लहान मुलांचे दात बघणाऱ्या मॅडम आहेत, असं ऑफिसातल्या मैत्रिणीने सांगितलं. त्यांनी ओवीला आरसा हातात दिला, खुर्ची वरखाली करून दाखवली, बाहुलीचे दात घासले. आधी असंच करून बघायचं असतं म्हणाल्या. बऱ्याच मुलांना तेवढ्यावर भागतं. ओवीला भागलं नाही. ती दुखण्याने इतकी कावलेली होती की आरसा तिने फेकून दिला.

कसाबसा एक्स-रे निघाला. मॅडमनी तो उजेडात धरला आणि पेनाने दाखवलं. दोन दाढांच्या मुळाशी पू, आणखी चार दातांत कीड खोलवर. हे सगळं जागेपणी करायचं तर किती खेपा, किती सुया, आणि प्रत्येक खेपेला तिला धरून ठेवायला माणसं. "मला तिला दाबून धरायचं नाही," त्या म्हणाल्या. "एकदाच भूल देऊन सगळं करू. पण हिची छाती हिवाळ्यात भरते म्हणता, वाफ द्यावी लागते. त्यामुळे भुलीच्या डॉक्टरांना भेटल्याशिवाय मी तारीख देणार नाही."

अजून आठवतं, "भूल" हा शब्द ऐकला आणि मी ओवीला मांडीवर ओढून घेतलं. दातासाठी? मरण यायला काही मोठं कारण लागत नाही हे माहीत असतं, पण दात हे फारच लहान कारण वाटलं.

भुलीच्या डॉक्टर म्हणजे डॉ. गायकवाड. बुटक्या, आखूड केसांच्या, पायात पांढरे बूट, आणि बोलणं इतकं हळू की आपणही आवाज खाली आणतो.

"सेफ आहे ना मॅडम?" संदेशने विचारलं.

"तो शब्द मी वापरत नाही," त्या म्हणाल्या. "धोका आहे. नीट केलं तर खूप कमी आहे. नीट म्हणजे काय, ते सांगते."

मी मधेच म्हणाले, "मॅडम, आमच्या लिफ्टमध्ये दोरी तुटली तर खालून पकडणारा ब्रेक असतो. तुमच्याकडे पकडणारं काय आहे?"

संदेशने मला कोपर मारलं. पण डॉक्टर उठल्या आणि आम्हाला आतल्या खोलीत घेऊन गेल्या. एकेक वस्तू हात लावून दाखवली. ऑक्सिजन. तोंडातली थुंकी-रक्त ओढून घेणारी नळी. श्वास थांबलाच तर हाताने दाबून हवा भरायची पिशवी, लहान मुलांच्या मापाची. औषधाचा उतारा. "आणि मी," त्या म्हणाल्या. "दातांचं काम दुसऱ्या मॅडम करणार. मी दाताकडे बघणारसुद्धा नाही. मी फक्त तिच्या श्वासाकडे बघणार."

"आणि ती झोपलीच नाही तर?"

"तेही होतं. काही मुलं या औषधाने शांत व्हायची सोडून चवताळतात. तसं झालं तर मी थांबवेन, औषध वाढवत बसणार नाही. तुम्हाला परत यावं लागेल. तेव्हा माझ्यावर चिडू नका."

शेवटी त्यांनी पोटाचं सांगितलं. भुलीत गिळायचं, खोकायचं भान सैल होतं. पोटात काही असलं आणि उलटी झाली, तर ते श्वासनळीत जाऊ शकतं. त्यातून मूल दगावू शकतं. दूध कधी बंद, अन्न कधी बंद, पाणी कधीपर्यंत, सगळं त्यांनी लिहून दिलं. "बाकी काही विसरलात तरी चालेल. हे विसरू नका, आणि यात माझ्याशी खोटं बोलू नका."

हातावर

घरी येऊन मी सगळ्यांना बसवून सांगितलं. आईंना दोनदा सांगितलं. "माका काय इतक्यापण कळणा नाय?" मी दुसऱ्यांदा सांगताना त्या म्हणाल्या. बिस्किटांचे डबे मी माळ्यावर टाकले. फ्रिजला माझीच ओढणी बांधली. संदेश हसला, म्हणाला, "आता कुलूपच घाल ना."

सकाळी निघताना ओवी भुकेने किरकिरत होती, पण गोड बोलून गप्प केली. मी एक्स-रे शोधत आतबाहेर करत होते. संदेश रिक्षा आणायला खाली गेला होता. आई ओवीला घेऊन देवापुढे उभ्या होत्या. मी जाताजाता विचारलं, "आई, काही दिलं नाही ना खायला?"

"नाय गो बाय. देवाशपथ."

त्या खरंच बोलत होत्या. ते मला नंतर कळलं.

हॉस्पिटलात ओवीला निळा झगा घातला. तो पायात येत होता म्हणून ती राणीसारखी उचलून चालली. डॉ. गायकवाड तिच्यासमोर उकिडव्या बसल्या आणि मला विचारलं, "आज काय खाल्लं हिने?"

"काहीच नाही," मी छाती पुढे काढून सांगितलं. फ्रिजच्या ओढणीचंही सांगितलं.

त्यांनी शीर बघायला ओवीचा उजवा हात हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला. मग तळवा वर केला, अंगठा फिरवून बघितला, वास घेतला.

"हात चिकट कशाने झाला गं?"

"दही-साखर," ओवी म्हणाली. "आजीने दिली. मी सगळी चाटली. मग परत मागितली."

आमच्याकडे कोणी महत्त्वाच्या कामाला निघालं की हातावर दही-साखर ठेवतात. परीक्षेला, मुलाखतीला, गावाला. माझ्या हातावर आईंनी ठेवली आहे, मी ओवीच्या हातावर शाळेच्या पहिल्या दिवशी ठेवली होती. घरातल्या प्रत्येकाला ती पद्धत ठाऊक, आणि त्या दिवशी मला किंवा संदेशला ती आठवली नाही.

"डॉक्टर, चमचाभर असेल हो," संदेश म्हणाला. "एवढ्याने काय होतंय? सुट्टी टाकून आलोय, पोर सकाळपासून उपाशी आहे."

"चमचाभर की वाटीभर, ते मला माहीत नाही आणि तुम्हालाही नाही," त्या शांतपणे म्हणाल्या. "दही म्हणजे दूधच. आज नाही."

"मॅडम, यार, प्लीज..."

"आज नाही."

दिवसभराच्या केसेस लागलेल्या होत्या, आणि संध्याकाळपर्यंत ओवीला उपाशी ठेवायला त्या तयार नव्हत्या. नवी तारीख घेऊन, गालाची सूज वाढू नये म्हणून पुन्हा औषधं घेऊन आम्ही परत निघालो. ओवीने झगा काढू दिला नाही. शेवटी नर्सने एक स्टिकर देऊन तो काढून घेतला.

रिक्षात संदेश म्हणाला, "आईला काही बोलू नकोस." मी हो म्हणाले नाही.

मधले दिवस

दारातच मी विचारलं, "आई, तुम्ही हिला खायला का दिलंत?"

"मी? मी काय एक दिलंय नाय!"

"दही दिलं नाहीत?"

"ता काय खाणा झाला? ता हातार ठेवतत. शकुन तो."

"ओवी गेली असती, आई." एवढंच मी बोलले, पण मोठ्याने बोलले. जिन्यात ऐकू गेलं असेल. त्या होत्या तिथे खाली बसल्या.

संदेश मी ओरडले म्हणून माझ्यावर नाराज, आणि स्वतः डॉक्टरांशी हुज्जत घातली म्हणून स्वतःवर नाराज. आई स्वयंपाकघरात शिरेनात. ओवीला काही हवं असेल तर तिला माझ्याकडे धाडायच्या. "आईक विचार," म्हणायच्या. ओवी दुखण्याने रडायची आणि पेजेशिवाय काही घ्यायची नाही. ती पेज आईंच्या हातची लागायची, म्हणून त्या मला विचारून, मी उभी असताना करायच्या. ते बघवत नव्हतं. पण "आई, करा हो" असं म्हणायला माझी जीभही उचलत नव्हती.

एका दुपारी त्या तांदूळ निवडत बसल्या होत्या. ओवी झोपली होती. सुपावरून मान वर न करता त्या बोलायला लागल्या.

माझे सासरे मी बघितले नाहीत. हॉलमध्ये त्यांचा फोटो आहे. ते गिरणीत होते. पोटाचं ऑपरेशन ठरलं तेव्हा त्यांनाही डॉक्टरांनी उपाशी यायला सांगितलं होतं.

"डॉक्टरांचा मी ऐकलंय," आई म्हणाल्या. "पोटात काय जाऊचा नाय म्हणाले, म्हणून हातार काय ठेवलंय नाय. रिकाम्या हातान गेले. ते परत नाय इले." त्यांनी एक खडा वेचून बाजूला टाकला. "सगळ्या जन्मात एकदाच मी दही ठेवलंय नाय. मागसून माका वाटत ऱ्हवला, दही काय खाणा होता? ठेवलेला असता तर? आता ओवीक, आपल्या चेडवाक, परत रिकाम्या हातान कसा धाडू?"

माझा राग गेला, असं म्हणणार नाही. ओवीच्या जिवाशी खेळ झालाच होता. पण इतकी वर्षं या बाईने एका वाटी दह्याचा दोष पोटात ठेवला आणि कोणाला सांगितला नाही, हे कळल्यावर मला तो राग त्यांच्यावर काढता येईना. मी सुपाच्या दुसऱ्या बाजूला बसले आणि खडे वेचायला लागले.

डॉ. गायकवाडांना फोन करून मी हे सांगितलं. खरं तर फोन तारीख पक्की करायला केला होता. त्या म्हणाल्या, "माझाही प्रश्न चुकलाच. मी 'काय खाल्लं' असं विचारते. आता 'तोंडात काय काय गेलं' असं विचारेन."

तुम्हालाही माझं हेच सांगणं आहे. घरात प्रश्न असा विचारा. तीर्थ, प्रसाद, अंगारा, मधाचं बोट, खोकल्याचं औषध, शेजारणीने गालगुच्चा घेऊन दिलेली गोळी. यातलं काहीच आपल्याकडे खाणं मानत नाहीत. पोट मात्र मानतं.

मूठ

दुसऱ्या खेपेला आईंनी आंघोळ करून देवापुढे दिवा लावला आणि हात मागे बांधून उभ्या राहिल्या. येणार का विचारलं तर म्हणाल्या, "मी येवचंय नाय. माझ्या हातून परत काय झाला तर?"

आम्ही चपला घातल्या. दारात ओवी वळली आणि तिने आजीपुढे हात केला. सवयीने. तळवा वर, बोटं जरा वाकवलेली, दही सांडू नये म्हणून.

संदेशने माझ्याकडे बघितलं. मी आईंकडे. त्यांचा चेहरा असा झाला की मला वाटलं आता या रडतील. पण त्या पुढे आल्या, स्वतःची रिकामी मूठ ओवीच्या तळव्यावर उघडली, काहीतरी ठेवल्यासारखं केलं आणि तिची बोटं एकेक करून मिटवली.

"उघडू नको हां, बाय माझे. परत येशीत तेव्हा मीच उघडतलंय."

"काय आहे यात?"

"मगे बघूया."

हायवेवर रिक्षा अडकली तरी ओवीने मूठ उघडली नाही. नाक दुसऱ्या हाताने पुसलं.

हॉस्पिटलात डॉ. गायकवाडांनी विचारलं, "आज तोंडात काय काय गेलं?" मी सांगितलं, तुम्ही लिहून दिलेल्या वेळी दोन घोट पाणी, बस्. त्यांची नजर मुठीवर गेली.

"यात काय?"

"काही नाही, मॅडम. खरंच काही नाही."

"बघू गं."

"नाही!" ओवीने हात पाठीमागे नेला. "आजी उघडणार आहे."

मला वाटलं आता रडारड होणार आणि मी तोंडघशी पडणार. डॉक्टर खाली वाकल्या, ओवीच्या परवानगीने त्या मुठीला नाक लावलं आणि लांब श्वास घेतला. "साबणाचा वास येतोय," म्हणाल्या. "ठीक आहे. दुसरा हात दे मला."

छाती तपासली. नाकात औषधाचा बारीक फवारा मारला, थोड्या वेळाने डाव्या हाताला सुई लावली. मला आत थांबू दिलं होतं. ओवी माझ्या मांडीवर होती. आधी ती बडबडत राहिली, झग्यावरच्या फुलांची नावं सांगत होती. मग शब्द लांबायला लागले. डोळे अर्धे मिटले.

आणि मूठ सुटायला लागली.

पहिली करंगळी सैल पडली, मग बाकीची बोटं. शेजारच्या पडद्यावर रेघा आणि आकडे चालले होते, त्यातलं मला काही कळत नव्हतं. मला हातच कळला. झोपेतही ओवी कधी असा हात टाकत नाही. त्या तळव्यावर काहीच नव्हतं, आणि तो इतका लहान होता. मी भयंकर घाबरले. मी ती बोटं पुन्हा मिटवली आणि माझ्या मुठीत धरून बसले. आत्तापर्यंत शकुनबिकुन मी मानत नव्हते. आजही मानते की नाही, सांगता येणार नाही.

"आता तुम्ही बाहेर थांबा," नर्स म्हणाली.

मला हात सोडवेना. "हिची मूठ..." एवढंच म्हटलं.

डॉ. गायकवाडांनी एकदा माझ्याकडे बघितलं. मग ट्रेमधली पट्टी घेतली आणि ओवीच्या मिटलेल्या मुठीभोवती सैलसर गुंडाळली. सुईच्या हाताला लावलेला ऑक्सिजन मोजायचा चिमटा त्या आता या हाताच्या बोटाला हलवणार होत्या. नर्सला म्हणाल्या, "चिमटा पायाच्या अंगठ्याला लाव."

बाहेरचा बाक

बाहेर थांबणं हे आजारपणातलं सगळ्यात कठीण काम, आणि त्याचं कोणी काही शिकवत नाही. संदेश आणि मी एका बाकावर बसलो. त्याने चहा आणला, तो दोघांनी हातात धरून गार केला. समोर एक बाई आपल्या मुलाला केळं भरवत होती. मला तिचा हेवा वाटला, की हिचं मूल खाऊ शकतं.

"त्या दिवशी मी भांडलो ते..." संदेश म्हणाला.

"जाऊ दे रे."

"त्यांनी ऐकलं असतं तर?"

मी त्याचा हात धरला. उत्तर दोघांनाही माहीत होतं.

दार उघडून डॉ. गायकवाड आल्या. त्यांनी लांबूनच मान हलवली. झालं. सगळं झालं. दोन दाढा काढल्या, बाकीचे वाचले.

मग त्या आमच्याजवळ बसल्या आणि मला वाटतं, न सांगताही चाललं असतं ते त्यांनी सांगितलं. मधेच एकदा ओवी खोकली आणि तिचा श्वास मंदावला होता. ऑक्सिजन खाली यायला लागला. त्यांनी हात वर करून काम थांबवलं, तिची मान सरळ केली, हनुवटी उचलली, तोंडातलं ओढून घेतलं, ऑक्सिजन वाढवला. लगेच सावरली. "असं होऊ शकतं. त्यासाठीच मी तिथे असते," त्या म्हणाल्या.

मला ते सिरप आठवलं. पेंगलेली ओवी माझ्या खांद्यावर, दवाखान्याच्या खुर्चीत, तोंडात डॉक्टरांची अवजारं, आणि श्वासाकडे कोणाचंच लक्ष नाही. मग ते दही आठवलं. तोच खोकला, आणि पोटात दही. मी त्या बाकावर तोंडाला ओढणी लावून रडले. केळंवाली बाई उठून माझ्याजवळ आली आणि काही न विचारता पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

तर, भूल सुरक्षित आहे का? मला कोणी विचारलं तर मी सांगते, श्वासाकडे बघायला वेगळं माणूस आहे का ते आधी बघा. ते माणूस "काही होत नाही" म्हणतं की "असं असं होऊ शकतं" म्हणतं, ते ऐका. आणि जे "आज नाही" म्हणू शकतं, त्याच्याच हातात मूल द्या. काम होतं का? आमचं झालं. जे जागेपणी कितीही खेपांत झालं नसतं ते एका सकाळी झालं, आणि ओवीला त्यातलं काही आठवत नाही.

जागी झाली ती मात्र गोड हसत वगैरे नाही. किंचाळत उठली. मला ओळखलं नाही, लाथा झाडल्या, एकदा पाण्यासारखी उलटी केली. याची तयारी ठेवा. मी ठेवली नव्हती. नर्स म्हणाली, भूल उतरताना बरीच मुलं अशी करतात, थोड्या वेळात निवळेल. तशी ती निवळली. ओठ बधिर होते, शब्द फुटत नव्हते. तिने पट्टी बांधलेला हात वर करून बघितला आणि छातीशी धरला.

दारात

तपासून, पाणी पाजून, पाणी पोटात टिकतंय बघून मगच सोडलं. घरी आलो तेव्हा दुपार कलली होती. आई दारातच बसल्या होत्या. देवापुढचा दिवा चालू होता, पण स्वयंपाकघरात सकाळपासून काही शिजल्याचं दिसत नव्हतं.

संदेशच्या खांद्यावरून ओवीने हात पुढे केला. आई उठल्या. त्यांना पट्टीचं टोक सापडेना, म्हणून मी टोक सोडवून दिलं. पुढची पट्टी त्यांनीच उलगडली. मूठ उघडली. आत घामाने ओला तळवा, पट्टीचे दोनचार धागे आणि नखांचे लाल वळ.

ओवीने वाकून बघितलं. तिचा चेहरा पडला.

"काहीच नाही यात, आजी," ती बोबड्या ओठांनी म्हणाली.

"आसा तर," आई म्हणाल्या. त्यांनी तो तळवा आपल्या डोळ्यांना लावला. "तू परत इलंस मा. ताच ठेवलेला."

मग त्यांनी डोळे पुसले आणि ओट्याकडे बघितलं. तिथे दह्याची वाटी ताटलीखाली झाकून ठेवलेली होती. आईंनी तिला हात लावला नाही. माझ्याकडे वळल्या.

"विचार तुझ्या डॉक्टरीणीक," त्या म्हणाल्या. "चलात तर देतंय."

मी फोन लावला.